मक्तेदारीचा वाद : लंडनची पत्रके आणि इंदूरचा अफूबाजार

एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंदूर, उज्जैन आणि मंदसौर येथील सावकार अफूचे तांडे मारवाडातील पालीकडे रवाना करीत. तेथून जैसलमेरचे वाळवंट ओलांडून माल सिंधमधील कराचीला पोहोचे आणि कराचीहून गलबतांतून पोर्तुगीजांच्या दमणला उतरे. माळव्यातून सरळ मुंबईला जाणारी वाट याहून कितीतरी जवळची होती; परंतु ती ईस्ट इंडिया कंपनीने रोखून धरली होती. कंपनीच्या दप्तरात या मालाची नोंद 'चोरटा माल' अशी आहे. माळव्यात मात्र हीच माणसे पेढीवर बसणारी, हुंड्या लिहिणारी, वाटेतील मालाचा विमा उतरवणारी प्रतिष्ठित व्यापारी मंडळी होती.

एकच व्यवहार एका कागदावर व्यापार आणि दुसऱ्या कागदावर गुन्हा कसा ठरतो? हा प्रश्न इंदूरच्या पेठेत प्रथम उद्भवला नव्हता. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी तो लंडनमध्ये, याच कंपनीच्या संदर्भात, शेकडो छापील पत्रकांतून लढवला गेला होता. व्यापार करणे हा प्रजेचा जन्मसिद्ध हक्क आहे की राजाने दिलेली सवलत, यावर सतराव्या शतकातील इंग्लंडने जी शाई खर्च केली, तिचे पडसाद माळव्यात, दमणमध्ये आणि काही अंशी पणजीतही उमटले. फरक इतकाच, की इंग्लंडच्या व्यापाऱ्यांजवळ छापखाना होता आणि माळव्याच्या व्यापाऱ्यांजवळ फक्त तांडे होते.

पत्रकांचे शतक

१६४० पूर्वीच्या इंग्लंडमध्ये छपाई राजसत्तेच्या कडक देखरेखीखाली होती. १६४१ मध्ये संसदेने 'स्टार चेंबर' हे राजाचे विशेष न्यायालय रद्द केले आणि छपाईवरील पहारा एकाएकी ढिला पडला. पुढच्याच वर्षी राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध पेटले. काही पानांच्या स्वस्त पुस्तिका लंडनच्या रस्त्यांवर विकल्या जाऊ लागल्या. धर्म, राज्यकारभार, कायदा, व्यापार, कर्जावरील व्याज, गरिबांची व्यवस्था, टपाल, तुरुंग असा एकही विषय त्यांतून सुटला नाही. जॉर्ज थॉमसन नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याने १६४० ते १६६१ या काळात अशी बावीस हजारांहून अधिक पत्रके, पुस्तिका आणि वार्तापत्रे जमवली. हा संग्रह आज ब्रिटिश लायब्ररीत आहे.

या पत्रकांतील एक प्रमुख शत्रू म्हणजे मक्तेदारी. राजा पहिला चार्ल्स याने १६२९ ते १६४० या काळात संसद बोलावलीच नाही. खजिना भरण्यासाठी त्याने साबणासारख्या रोजच्या वापरातील वस्तूंच्या उत्पादनाचे एकाधिकार विकले. वास्तविक १६२४ च्या कायद्याने व्यक्तींना असे मक्ते देण्यास मनाई होती. परंतु व्यापारी कंपन्या आणि मंडळे त्या मनाईतून वगळली होती आणि नेमक्या त्याच पळवाटेचा राजाने उपयोग केला. 'लेव्हलर' म्हणजे समतावादी म्हणून ओळखल्या गेलेल्या गटाचा नेता जॉन लिलबर्न याने १६४५ मधील आपल्या पुस्तिकेत धर्मोपदेश, कापडाचा परदेशी व्यापार आणि छपाई या तिन्हींच्या मक्तेदारीवर एकत्रित प्रहार केला. त्याच्या दृष्टीने विचार, माल आणि शब्द यांवरील पहारा ही एकाच रोगाची तीन लक्षणे होती.

कायदा लोकांना समजेल अशा भाषेत असावा, हीही या पत्रकांची आग्रही मागणी. त्या काळी इंग्लंडच्या न्यायालयांतील नोंदी लॅटिनमध्ये आणि कायद्याचे बरेच ग्रंथ कायदेपंडितांच्या फ्रेंचमध्ये असत. १६५० मध्ये ते सारे इंग्रजीत आणण्याचा कायदा झाला; दहा वर्षांनी राजेशाही परतताच तो रद्द झाला आणि ही सुधारणा कायमची व्हायला अठराव्या शतकाची वाट पाहावी लागली. पत्रकांनी मागितलेल्या बहुतेक सुधारणांची गत अशीच झाली. त्या लगेच मिळाल्या नाहीत. पण एकदा छापून लोकांसमोर आलेला युक्तिवाद पुन्हा गुप्त झाला नाही.

कंपनीचे वकील आणि कंपनीचे वैरी

३१ डिसेंबर १६०० रोजी मिळालेल्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीला पूर्वेकडील व्यापाराचा एकाधिकार दिला होता. कंपनीवर पहिला मोठा आरोप झाला तो चांदीचा. इंग्लंडच्या लोकरी कापडाला हिंदुस्थानात फारसे गिऱ्हाईक नव्हते. त्यामुळे मिरी, नीळ आणि सुती कापड घेण्यासाठी कंपनीला जहाजे भरून चांदी पाठवावी लागे. देशाची दौलत परक्यांच्या घशात जाते, अशी ओरड सुरू झाली. कंपनीचे एक संचालक टॉमस मन यांनी १६२१ मध्ये पुस्तिका काढून तिला उत्तर दिले. पूर्वेकडे गेलेली चांदी मालाच्या रूपाने परत येते, तो माल युरोपात पुन्हा विकला गेला की गेलेल्याहून अधिक चांदी घरी येते, असे त्यांचे म्हणणे होते. राष्ट्राचा जमाखर्च एका सौद्यावर मांडू नये, सर्व सौद्यांचा मिळून मांडावा, ही त्यांची शिकवण पुढे अर्थशास्त्राच्या पायाभरणीत गणली गेली.

शतकाच्या उत्तरार्धात वाद चांदीवरून हक्काकडे वळला. कंपनीची सनद धुडकावून स्वतःची जहाजे हिंदुस्थानकडे पाठवणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांना कंपनी 'घुसखोर' म्हणे. त्यांच्यापैकी टॉमस सँडिस याच्याविरुद्धचा खटला १६८३ मध्ये उभा राहिला. मक्तेदारी इंग्लंडच्या कायद्याला मान्य नाही, असा सँडिसच्या बाजूचा युक्तिवाद होता. कंपनीच्या वकिलांनी त्यावर एक विलक्षण तोड काढली. हिंदुस्थानातील लोक ख्रिस्ती नाहीत, कायद्याच्या दृष्टीने ते कायमचे शत्रू आहेत, आणि शत्रूशी व्यवहार करायचा तर राजाची परवानगी हवीच, असे त्यांनी सांगितले. १६८५ मध्ये मुख्य न्यायाधीश जेफ्रीज यांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. ज्यांच्याशी व्यापार करून कंपनी गबर होत होती त्यांना शत्रू ठरवूनच तो व्यापार एकट्या कंपनीचा राहू शकला, हे या निकालाचे मर्म होय.

या काळातील कंपनीचे सर्वांत प्रभावी पत्रककार सर जोशाया चाइल्ड हे कंपनीचे गव्हर्नरही होते. १६८१ मध्ये 'देशप्रेमी' अशा अर्थाचे ग्रीक टोपणनाव घेऊन त्यांनी पूर्वेकडचा व्यापार हाच सर्वांत राष्ट्रहिताचा व्यापार असल्याचे प्रतिपादन केले. कंपनीचा मुख्य अधिकारीच टोपणनावाने तिची तरफदारी करतो, हा प्रकार आजच्या वाचकालाही अपरिचित वाटणार नाही.

विरोधक मात्र थांबले नाहीत. राजसत्ता बदलली आणि १६९४ मध्ये इंग्लंडच्या कनिष्ठ सभागृहाने ठराव केला, की संसदेने कायद्याने मनाई केली नसेल तर पूर्वेकडे व्यापार करण्याचा इंग्लंडच्या सर्व प्रजाजनांना समान हक्क आहे. १६९५ मध्ये छपाईचा परवाना-कायदाही मुदत संपून मागे पडला. १६९८ मध्ये प्रतिस्पर्ध्यांची नवी कंपनी उभी राहिली. तथापि मक्तेदारीच्या शत्रूंनी मिळवलेला विजय अल्पायुषी ठरला. दोन्ही कंपन्यांनी एकमेकींशी स्पर्धा करण्याऐवजी तडजोड केली आणि १७०८-०९ मध्ये त्या एक झाल्या. बाहेर असताना ज्यांनी मक्तेदारीवर आग ओकली, तेच आत शिरताच तिचे भागीदार झाले.

बिहारची सक्ती, माळव्याची मोकळीक

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनी बंगालची राज्यकर्ती झाली आणि मक्तेदारीला सत्तेची जोड मिळाली. १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्ज यांनी बंगाल-बिहारमधील अफूचा एकाधिकार कंपनीच्या हाती घेतला. तेथील शेतकऱ्याला खसखशीच्या लागवडीसाठी कंपनीची अगाऊ रक्कम घ्यावी लागे आणि सगळा चीक कंपनीच्याच दलालाला, कंपनीने ठरवलेल्या भावाने द्यावा लागे. अफूच्या पेट्यांचा लिलाव कलकत्त्यात होई आणि खासगी व्यापारी त्या चीनला नेत.

खासगी व्यापारीच का? चीनच्या बादशहाने अफूच्या आयातीस बंदी घातली होती. कँटनमधील चहाचा व्यापार धोक्यात येऊ नये म्हणून कंपनी स्वतःच्या जहाजातून अफू नेण्याचे टाळी. लिलावात ती विकली, की पुढे तिचे काय होते याची जबाबदारी घेणाऱ्याची. म्हणजे चीनच्या किनाऱ्यावर कायदा मोडणारा मनुष्य कंपनीच्या लेखी व्यापारी होता. माळव्यात कोणताही स्थानिक कायदा न मोडणारा मनुष्य मात्र तिच्या लेखी तस्कर ठरणार होता.

माळव्यातील व्यवस्था अगदी निराळी होती. काळ्या जमिनीत थंडीच्या सुरुवातीस खसखस पेरली जाई. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास हिरव्या बोंडांना चिरा देऊन पाझरलेला चीक गोळा केला जाई. शेतकरी गावच्या सावकाराकडून उचल घेई आणि माल त्याला देई. सावकारी पिळवणूक तेथेही होतीच. परंतु खरेदीदार एकच नव्हता. गावचा सावकार, कसब्याचा अडत्या, इंदूर-उज्जैनची पेढी, मुंबईच्या व्यापाऱ्याचा गुमास्ता अशी साखळी होती आणि भाव बाजारात ठरे. होळकर, शिंदे आणि लहानमोठे संस्थानिक यांना वजनकाटा, जकात आणि मार्गकर यांतून उत्पन्न मिळे. हा माल पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांतून चीनला जाऊन कलकत्त्याच्या अफूशी स्पर्धा करू लागला, तेव्हा कंपनीचे डोळे उघडले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिने मुंबई इलाख्याची दारे माळव्याच्या अफूला बंद केली. पण खुद्द माळव्यात तिची सत्ता नव्हती.

मंदसौरनंतरचे इंदूर

ती सत्ता १८१८ मध्ये आली. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या सैन्याचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसौरचा तह झाला. यशवंतराव होळकरांचे अल्पवयीन पुत्र मल्हारराव गादीवर होते. कारभार तात्या जोग म्हणजेच विठ्ठल महादेव किबे यांच्या हाती आला. राजधानी इंदूरला स्थिरावली, इंग्रजांची रेसिडेन्सीही तेथेच उभी राहिली. क्षिप्रेकाठच्या उज्जैनच्या छायेत असलेले खान नदीकाठचे हे गाव पाहता पाहता माळव्याची मुख्य पेठ बनले.

कंपनीने आधी बाजाराच्या मार्गाने माळवा जिंकण्याचा प्रयत्न केला. माळव्याची अफू स्वतःच विकत घ्यावी, मुंबईत व कलकत्त्यात तिचा लिलाव करावा आणि प्रतिस्पर्ध्यांना माल शिल्लक ठेवू नये, असा बेत होता. परिणाम उलटा झाला. मोठे गिऱ्हाईक बाजारात उतरल्याचे पाहून भाव चढले, चढत्या भावामुळे लागवड वाढली आणि कंपनीने घेऊन उरलेला माल पूर्वीपेक्षाही अधिक झाला.

मग तहांचा मार्ग आला. १८२० च्या दशकाच्या मध्यास कंपनीने होळकर दरबार, उदेपूर, कोटा अशा संस्थानांशी करार केले. लागवड मर्यादित ठेवावी, ठरलेला माल कंपनीला द्यावा, इतरांचा माल आपल्या मुलखातून जाऊ देऊ नये आणि त्याबद्दल भरपाई घ्यावी, असे त्यांचे स्वरूप होते. शिंदे दरबाराने मात्र असा करार करण्यास नकार दिला. माळव्याचा नकाशा पाहिला की या नकाराचे महत्त्व कळते. होळकर, शिंदे, धार, देवास, रतलाम, जावरा यांची गावे एकमेकांत गोधडीच्या ठिगळांसारखी विखुरलेली होती. एका गावात मना असलेला माल कोसभरावरच्या दुसऱ्या गावात मोकळा होई. ज्या दरबारांनी करार केले त्यांच्या अमलदारांनाही आपल्या जकातीवर पाणी सोडणे जड जात होते.

तांड्यांबरोबर हत्यारबंद पहारेकरी असत आणि त्यांना अडवण्यासाठी नाकेबंदी होई. सनदेच्या बळावर समुद्रावर 'घुसखोरां'ची जहाजे अडवणारी कंपनी आता माळव्याच्या रानवाटांवर उंटांचे काफिले अडवू पाहत होती.

यातील विरोधाभास ध्यानात घेण्यासारखा आहे. १८१३ मध्ये ब्रिटिश संसदेने हिंदुस्थानच्या व्यापारातील कंपनीची मक्तेदारी संपुष्टात आणली होती. इंग्रज व्यापाऱ्याला हिंदुस्थानात माल विकण्याचा हक्क, ज्यासाठी सँडिस न्यायालयात उभा राहिला होता, तो आता निर्विवाद झाला होता. मंदसौरचा तह त्यानंतर पाच वर्षांनी झाला. म्हणजे लंडनच्या व्यापाऱ्याला इंदूरपर्यंत येण्याची मोकळीक मिळाल्यावर इंदूरच्या व्यापाऱ्याला मुंबईपर्यंत जाण्याची मनाई झाली.

दमण, पणजी आणि रोजेरियो द फारिया

माळव्याच्या सावकारांना ही कोंडी फोडता आली ती दोन दारे उघडी असल्यामुळे. सिंध तालपूर अमिरांच्या ताब्यात होता आणि दमण पोर्तुगीजांच्या. दोन्ही ठिकाणी कंपनीचा हुकूम चालत नव्हता. दमणमध्ये जकात भरलेली अफू राजरोस जहाजावर चढे आणि पोर्तुगीज निशाणाखाली मकावला पोहोचे. या व्यापाराने दमणच्या बंदराला काही दशके अशी भरभराट दाखवली, जी त्या लहानशा वसाहतीने क्वचितच अनुभवली होती.

गोव्याचा संबंध येथे थेट येतो. पणजीतील म्हामाय कामत घराण्याची व्यापारी कागदपत्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपलेली आहेत; त्या घराण्याच्या व्यवहारांत अफूचाही समावेश होता. मुंबईत स्थायिक झालेले मूळ गोमंतकीय व्यापारी रोजेरियो द फारिया हे तर माळवा-दमण-मकाव व्यापारातील अग्रगण्य नावांपैकी एक. जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्यासारख्या मुंबईच्या बड्या व्यापाऱ्यांशी त्यांची व्यवहारात सोबत होती.

फारियांच्या पैशाला पुढे राजकारणाचीही वाट सापडली. जानेवारी १८३५ मध्ये बर्नार्दो पेरिस द सिल्वा हे गोव्याचे प्रीफेक्ट म्हणजे मुख्य प्रशासक झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले गोमंतकीय. तीन आठवड्यांच्या आतच लष्करी बंडाने त्यांना पदच्युत केले. त्यांनी मुंबई गाठली, पुढे दमणचा आश्रय घेतला. त्यांची सत्ता परत मिळवण्याच्या प्रयत्नांना फारियांनी आर्थिक पाठबळ दिले आणि त्यात त्यांचे स्वतःचे मोठे नुकसान झाले. पेरिस द सिल्वा यांनी ब्राझीलमधील वनवासात पोर्तुगालच्या राज्यघटनेवर संवादरूपाने एक पुस्तिका लिहिली होती. ती १८३२ मध्ये रिओ येथे छापली गेली. कारभाराच्या सुधारणेसाठी छापील पुस्तिका लिहिण्याची जी रीत लंडनमध्ये रुजली होती, तिचा हा गोमंतकीय अवतार म्हणता येईल. त्या सुधारकाच्या मागे उभ्या असलेल्या पैशाचा एक झरा माळव्याच्या खसखशीच्या शेतांतून वाहत होता, ही गोष्ट मात्र अस्वस्थ करणारी आहे.

परवाना : माघार की नवी मक्तेदारी?

अखेर कंपनीने हार मानली. गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंक यांच्या कारकिर्दीत खरेदीची आणि निर्बंधाची पद्धत मोडीत निघाली आणि १८३० च्या सुमारास परवान्याची पद्धत आली. इंदूर येथे शुल्क भरून परवाना घ्यावा आणि अफू सरळ मुंबईला न्यावी. कालचा तस्कर एका कागदाने व्यापारी झाला. मालात किंवा माणसात काहीच बदल झाला नव्हता. बदललेली गोष्ट एकच, ती म्हणजे कंपनीचा हिशेब.

परवान्याच्या शुल्काची चढउतार हा हिशेब उघड करते. आरंभी पेटीमागे १७५ रुपये होते. एवढे देण्यापेक्षा कराचीचा लांबचा प्रवास परवडतो, असे पाहून अनेकांनी जुनी वाट सोडली नाही, तेव्हा १८३५ मध्ये शुल्क १२५ रुपयांवर आले. १८४३ मध्ये चार्ल्स नेपियर यांनी सिंध जिंकला आणि कराचीची वाट कायमची बंद झाली. त्याच वर्षी शुल्क २०० रुपये झाले, १८४५ मध्ये ३०० आणि १८४७ मध्ये ४००. दुसरे दार उघडे होते तोवर कंपनीला दर उतरवावा लागला. ते दार बंद होताच चार वर्षांत शुल्क तिपटीहून अधिक झाले. दमणची भरभराटही त्याबरोबरच ओसरली.

सतराव्या शतकातील पत्रककारांनी मक्तेदारीबद्दल जे सूत्र मांडले होते, ते या आकड्यांत जसेच्या तसे दिसते. ग्राहकाला किंवा विक्रेत्याला दुसरीकडे जाण्याची सोय उरली नाही, की किंमत मालाची राहत नाही, नाइलाजाची होते.

जे लिहिले गेले नाही

या सर्व संघर्षात माळव्याच्या बाजूने एकही पत्रक निघाल्याचे दिसत नाही, कारण पत्रक काढण्याची साधनेच तेथे नव्हती. 'मालवा अखबार' हे पत्र इंदूरहून निघू लागले ते १८४९ मध्ये, म्हणजे परवाना-पद्धतीला जवळपास वीस वर्षे लोटल्यावर आणि सिंधची वाट बंद होऊन सहा वर्षे झाल्यावर. माळव्याच्या सावकारांचा युक्तिवाद त्यांच्या उंटांच्या मार्गावरून, त्यांच्या हुंड्यांवरून आणि मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या तक्रारींवरूनच समजून घ्यावा लागतो. ज्याच्याजवळ छापखाना नाही त्याच्या कृतीचे नाव दुसराच कोणी ठरवतो. इंग्लंडच्या 'घुसखोरां'ना संसदेचा ठराव मिळाला. माळव्याच्या व्यापाऱ्यांच्या वाट्याला कंपनीच्या दप्तरातील एक शेरा आला.

मराठीत या प्रकारचे लेखन मुंबई-पुण्याकडे उदयास आले. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' सुरू झाले. १८३५ मध्ये छपाईवरील निर्बंध सैल झाले. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' या साप्ताहिकात लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांची शतपत्रे येऊ लागली. व्यापार, कायदा, राज्यकारभार, देशी कापड आणि विलायती माल या विषयांवरील ही छोटी, सडेतोड पत्रे म्हणजे लंडनच्या पत्रकांची मराठी भावंडेच होत. योगायोग असा, की हेच लोकहितवादी आयुष्याच्या उत्तरार्धात, १८८४ मध्ये, माळव्यातील रतलाम संस्थानचे दिवाण होते. तोवर रतलामची अफू परवाना घेऊन शिस्तीत मुंबईला जात होती आणि तो जुना वाद विस्मृतीत गेला होता.

पत्रकांनी न विचारलेला प्रश्न

माळव्याच्या व्यापाऱ्यांवर अन्याय झाला हे खरे. तरीही त्यांना स्वातंत्र्यवीर ठरवणे योग्य होणार नाही. मन, चाइल्ड, त्यांचे विरोधक आणि दीडशे वर्षांनंतरचे इंदूरचे सावकार या सर्वांच्या युक्तिवादात एक रिकामी जागा आहे. विकण्याचा हक्क कोणाचा, यावर सर्वांनी वाद घातला. विकायचे काय, हा प्रश्न बाजूला राहिला. मिरी आणि सुती कापड यांच्यासाठी जो युक्तिवाद उभा राहिला होता, तोच अफूला लावण्यात आला. १८३९ मध्ये चीनचे अधिकारी लिन झेश्यू यांनी वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यांत बंगालची अफू होती तशी माळव्याचीही होती. या जप्तीनंतर ब्रिटनने चीनवर जे युद्ध लादले, त्याचेही एक समर्थन व्यापाराच्या स्वातंत्र्याच्या भाषेत करण्यात आले. स्वातंत्र्याचा शब्द ज्याच्या हाती असतो त्याचेच काम करतो, हा धडा त्या युद्धाने दिला.

चीनला जाणारी हिंदी अफू १९०७ च्या समझोत्यानंतर क्रमाक्रमाने कमी होत १९१३ पर्यंत थांबली. इंदूरच्या पेढ्यांतील भांडवल एव्हाना कापसाकडे आणि कापडगिरण्यांकडे वळू लागले होते. अफूच्या सट्ट्यात नाव कमावलेले शेठ हुकुमचंद पुढे गिरणीमालक म्हणून ओळखले गेले. इंदूरच्या औद्योगिक वैभवाच्या पायातील काही दगड कोठून आले, याचे उत्तर या व्यापारात आहे.

माळव्यात खसखस आजही पिकते. मंदसौर, नीमच आणि रतलाम या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो परवाना देतो. परवान्यात नमूद केलेल्या क्षेत्रापलीकडे लागवड करता येत नाही आणि काढलेला सर्व चीक सरकारला, सरकारने ठरवलेल्या भावाने द्यावा लागतो. नीमचच्या सरकारी कारखान्यात त्यापासून औषधी द्रव्ये तयार होतात. म्हणजे ज्या व्यवस्थेला टाळण्यासाठी माळव्याने वाळवंट ओलांडले, तीच बिहारची जुनी व्यवस्था आज माळव्यात कायद्याने नांदते आहे. दोहोंत एक मूलभूत अंतर आहे. कंपनीची मक्तेदारी खजिना भरण्यासाठी होती, आजची मक्तेदारी व्यसनाला आळा घालण्यासाठी आणि औषधाची गरज भागवण्यासाठी आहे, असे तिचे समर्थन केले जाते.

ते समर्थन पटण्याजोगे आहे की नाही, भाव न्याय्य आहे की नाही, परवाना कोणाला मिळतो आणि कोणाचा रद्द होतो, हे प्रश्न मात्र आजचा शेतकरी विचारू शकतो, आणि विचारतोही. त्याच्याजवळ वर्तमानपत्र आहे, न्यायालय आहे आणि मत आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या माळव्याजवळ यांपैकी काहीही नव्हते. मक्तेदारी न्याय्य आहे की अन्याय्य, याचा निर्णय तिच्या हेतूवरून जितका होतो, तितकाच तिला उघडपणे जाब विचारता येतो की नाही यावरूनही होतो. सतराव्या शतकातील त्या स्वस्त, चुरगळलेल्या पत्रकांनी जगाला दिलेली खरी देणगी हीच होय.